गाडी राहिली कुठे?

‘सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड, टायर नवीन, पेपर क्लिअर.’ जुन्या गाडीची कुठलीही जाहिरात उघडा, मजकूर थोड्याफार फरकानं हाच. घेणाऱ्याचे प्रश्नही ठरलेले असतात: मॉडेल कितीचं, मीटर किती पडलंय, अ‍ॅव्हरेज काय देते, शेवट कितीला द्याल. गाडी इतकी वर्षं उभी कुठे राहायची, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मीटर मागे फिरवता येतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काढलेले आठ पावसाळे गाडीच्या पोटाखालून पुसता येत नाहीत.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख नव्या प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. जुन्या गाड्यांचे व्यवहार याहून जास्त होतात, असा या धंद्यातल्यांचा अंदाज आहे. पूर्वी जुनी गाडी म्हणजे गावातल्याच कुणाची तरी असायची. तिची कुंडली गॅरेजवाल्याला पाठ असायची. आता पुण्यातला माणूस मोबाइलवर दिल्लीची इनोव्हा बघतो आणि विदर्भातला ठेकेदार गोव्यातून टिप्पर उचलतो. गाडी एका हवेत वाढते आणि दुसऱ्या हवेत विकली जाते. मधल्या प्रवासात तिचा इतिहास गळून पडतो, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते.

किनाऱ्यापासून सुरुवात करू. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यात गाडीचा खरा वैरी म्हणजे खारं वारं. लाटा फुटताना मिठाच्या पाण्याचे बारीक थेंब हवेत उडतात, वारा ते आत आणतो आणि मिळेल त्या पृष्ठभागावर ते बसतात. जड कण किनाऱ्यालगतच खाली पडतात, हलके बरेच आतपर्यंत पोचतात. म्हणून एकाच तालुक्यात समुद्राकाठच्या वाडीतली गाडी आणि घाटपायथ्याच्या गावातली गाडी एकाच वयाच्या असल्या तरी त्यांचे पत्रे सारखे नसतात.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरे असतात. मिठामुळे ओलाव्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे गंजण्याची क्रिया झपाट्यानं होते. शिवाय मीठ हवेतलं बाष्प ओढून घेत असल्यानं पाऊस नसतानाही पत्रा दमट राहतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो रंगाला आतून ढकलतो, फोड येतो, फोड फुटला की खालचा कोरा पत्रा उघडा पडतो आणि तोही गंजू लागतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण दगडाचा टवका उडाला, अपघातानंतर स्वस्तात डेंटिंग-पेंटिंग झालं, की तेवढ्या जागी ते संरक्षण संपतं.

कोकणात याच्या जोडीला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस आणि तांबडी माती येते. चाकानं उडालेला चिखल मडगार्डच्या आतल्या कडेला, सस्पेन्शनच्या पाट्यांच्या खोबणीत, चासीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि वरून वाळलेला दिसला तरी आत ओल धरून ठेवतो. गाडी आंब्या-फणसाखाली उभी राहत असेल तर पानांचा कचरा पुढच्या काचेखालच्या जाळीत साठतो, तिथली पाणी जायची वाट तुंबते आणि पाणी हळूहळू आत झिरपतं. दारांच्या खालच्या कडेलाही पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलानं बुजली की दार आतून कुजत जातं. बाहेरून रंग झकास, आणि खालच्या कडेवर बोट दाबलं तर पत्रा कागदासारखा आत जातो.

म्हणून किनाऱ्याची गाडी बघायची तर वरून नाही, खालून बघायची. दार उघडून खालची पट्टी आणि तिच्या आतला सांधा पाहावा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखालचा खड्डा पाहावा. पायाखालचं कार्पेट कडेनं उचलावं. गाडी पिटवर किंवा लिफ्टवर चढवून सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं त्या जागा, ब्रेकचे पाइप आणि इंधनाची टाकी धरून ठेवणारे पट्टे टॉर्च लावून तपासावेत. ब्रेकच्या पाइपवरचा गंज ही तर जिवाशी गाठ आहे. पाइप गंजानं खाल्ला गेला असेल तर पेडलवर सगळा जोर लावायची वेळ येते त्याच क्षणी तो फुटतो.

एक गाडी खास पाहण्यासारखी असते, ती म्हणजे मच्छी वाहणारा पिकअप. मिरकरवाडा, हर्णै, ससून डॉक अशा बंदरांतून बर्फ घातलेली मासळी भरून या गाड्या रातोरात घाट चढतात. बर्फ वितळत जातो आणि ते खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेंबथेंब चासीवर, पाट्यांवर, मागच्या अ‍ॅक्सलवर गळत राहतं. समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत गेली तरी ही गाडी स्वतःचा समुद्र बरोबर घेऊन फिरते. अशी गाडी विकायला निघते तेव्हा हौदा नवा बांधलेला असतो, केबिनला ताजा रंग असतो आणि चासीवर काळा ऑइलपेंट चोपडलेला असतो. भाजीपाल्याच्या धंद्यासाठी पहिली गाडी घेणारा तरुण नेमका या काळ्या रंगाला भुलतो. त्यावर छोट्या हातोडीनं टकटक करून बघावं. घट्ट लोखंड खणखणीत वाजतं. कुजलेलं बद्द वाजतं आणि त्याचे पापुद्रे हातात येतात. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलच्या पिना गंजून एकजीव झाल्या असतील तर पाटा बदलायला गॅस कटर लावावा लागतो. तो खर्च किंमत ठरवतानाच धरायचा.

गोव्यातल्या टिप्परांची कहाणी याच किनारपट्टीवरची, आणि जास्त दुखरी आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातलं लोहखनिजाचं उत्खनन थांबलं. सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतल्या कित्येक घरांनी कर्ज काढून खनिज वाहतुकीसाठी ट्रक घेतले होते. ते एका दिवसात बिनकामाचे झाले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मर्यादा घालून परवानगी दिली, काही काळ चाकं फिरली, आणि मार्च २०१८ पासून ८८ खाणपट्ट्यांचं काम पुन्हा थांबलं. खनिजासाठी बांधलेला छोटा टिप्पर लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीला फारसा उपयोगी नसतो. त्यामुळे घरासमोर, माळावर, रस्त्याच्या कडेला ट्रक पावसात उभे राहिले.

उभी गाडी कमी झिजते, हा समज अशा हवेत खोटा ठरतो. चालत्या गाडीत इंजिनाच्या उष्णतेनं ओल उडून जाते, ब्रेक घासले गेल्यानं ड्रम साफ राहतात, तेल सगळीकडे फिरतं. उभ्या गाडीत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. अर्ध्या भरलेल्या डिझेल टाकीत बाष्प थिजून तळाला पाणी साठतं आणि ते पंपापर्यंत जातं. रबरी सील सुकतात, टायर एकाच बाजूवर वर्षानुवर्षं वजन सोसून आकार सोडतात, वायरिंगमध्ये उंदीर घर करतात. तेव्हा ‘फक्त सत्तर हजार किलोमीटर’ चाललेला ट्रक स्वस्तात मिळतोय असं दिसलं, तर तो इतका कमी का चालला हे आधी समजून घ्यायला हवं. ज्यांनी असे ट्रक नाइलाजानं विकले त्यांचा यात दोष नाही. पण घेणाऱ्यानं दुरुस्तीचा आकडा धरूनच बोलणी करावीत.

मिठानं गाडी खाल्ली जायला समुद्रच लागतो असंही नाही. अमेरिकेत मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. न्यू हॅम्पशायरमध्ये १९३८ च्या सुमारास याचे पहिले प्रयोग झाले, आणि आज देशभर वर्षाला कोट्यवधी टन मीठ रस्त्यांवर पडतं. मोटारींची राजधानी म्हणवणाऱ्या डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर मिठाची खाण आहे. ज्या शहरानं जगासाठी मोटारी घडवल्या, त्याच्याच पोटातलं मीठ मोटारींना खातं.

अमेरिकेतल्याच एका प्रकरणानं जुना ट्रक घेणाऱ्यांना कायमचा धडा दिला. टोयोटाच्या टॅकोमा या लोकप्रिय पिकअपच्या काही वर्षांच्या मॉडेलांत चासीचं गंजसंरक्षण अपुरं पडल्याच्या तक्रारी आल्या. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स उत्तम, आणि चासीला आरपार भोकं. २००८ मध्ये कंपनीनं १९९५ ते २००० च्या गाड्यांसाठी हमी वाढवली आणि फार खराब झालेले ट्रक बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत घेतले. पुढे नंतरच्या मॉडेलांवरही दावा झाला. २०१६ मध्ये कंपनीनं दोष मान्य न करता तडजोड केली. सुमारे पंधरा लाख गाड्यांसाठी तिची किंमत ३.४ अब्ज डॉलरपर्यंत धरली गेली. टॅकोमा टिकाऊपणासाठी नावाजलेली गाडी. तिचं इंजिन पाहून ती घेणाऱ्यांची निवड चुकीची नव्हती. हवेचा हिशेब त्यात नव्हता, एवढंच.

तिथल्या जाहिरातींत ‘अ‍ॅरिझोनाची गाडी, गंज नाही’ असं मुद्दाम लिहितात, कारण कोरड्या वाळवंटी राज्यातला पत्रा वीस वर्षांनीही स्वच्छ निघतो. पुण्या-मुंबईहून मिशिगन किंवा ओहायोत शिकायला गेलेली मुलं पहिली गाडी जुनीच घेतात, बहुधा कोरोला किंवा सिव्हिक. इकडच्या सवयीनं ती इंजिनाचा आवाज ऐकतात आणि टेस्ट ड्राइव्ह घेऊन खूश होतात. गाडीखाली वाकून पाहायचं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कोकणातल्या गॅरेजमधलं ज्ञान तिथे जसंच्या तसं लागू पडतं.

गंज वर्षानुवर्षं चढत जातो. पुराला एक रात्र पुरते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईच्या उपनगरांत हजारो गाड्या छतापर्यंत पाण्यात गेल्या. डिसेंबर २०१५ ला चेन्नई, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ ला चिपळूण. पाणी ओसरल्यावर बातम्या थांबतात, गाड्यांचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसान झालेली धरते, मालकाला पैसे देते आणि गाडीचा सांगाडा लिलावात विकते. सुटे भाग वापरले जातात तोवर ठीक. पण अशा कितीतरी गाड्या धुऊन-पुसून, नवी सीटकव्हर चढवून दुसऱ्या जिल्ह्यात किंवा परराज्यात विकायला उभ्या राहतात. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतरही हेच झालं.

पुराचं पाणी म्हणजे विहिरीचं पाणी नव्हे. त्यात चिखल, सांडपाणी, डिझेल आणि भरती असेल तर समुद्राचं खारं पाणीही मिसळलेलं असतं. आजच्या गाडीत इंजिन सांभाळणारा संगणक, एअरबॅगचं यंत्र, एबीएस आणि त्यांना जोडणारे शेकडो कनेक्टर असतात. त्यांतले कितीतरी सीटखाली आणि कार्पेटखाली, म्हणजे पाणी सगळ्यात आधी पोचतं तिथेच बसवलेले असतात. तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढायला काही महिने लागतात. म्हणून पुराची गाडी घेताना छान चालते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत एकेक दिवा, एकेक सेन्सर, शेवटी एअरबॅग बोलेनाशी होते. पाण्यात बंद पडलेली गाडी कुणी सेल मारून चालू करायचा प्रयत्न केला असेल तर गोष्ट आणखी वाईट. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यावर पिस्टन वर यायला गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हा खर्च बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

अशी गाडी ओळखायला एक जुनी युक्ती आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत, अडेपर्यंत ओढून काढायचा. धुणारा माणूस दिसतो तेवढा पट्टा घासतो. आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ किंवा कुबट वास राहून जातो. मग सीट पुढे सरकवून तिचे रूळ आणि बोल्टची डोकी पाहायची. बाहेरून पाच वर्षांची दिसणारी गाडी आणि सीटखालचे बोल्ट तांबडे, हे गणित जुळत नाही. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडायचं, हेडलाइटच्या आत ओलीची आडवी खूण आहे का बघायची. गाडीत शिरताच सुगंधाचा भपकारा आला तर काचा बंद करून दहा मिनिटं बसायचं, तोवर खालचा वास वर येतो.

कागदावरही एक खूण सापडते. विक्रेत्याकडून त्याच्या मागच्या विमा पॉलिसीची प्रत मागावी आणि त्यावरचा ‘नो क्लेम बोनस’ पाहावा. क्लेम न करता वर्ष गेलं की तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर थांबतो, आणि क्लेम केला की शून्यावर येतो. ‘एकदाही कुठे लागली नाही’ असं सांगितलेल्या सहा वर्षांच्या गाडीचा बोनस शून्य किंवा वीस दिसला तर अलीकडेच काहीतरी घडलेलं आहे. कदाचित बंपर बदलला असेल, कदाचित गाडी पाण्यात गेली असेल. क्लेमची कागदपत्रं मागायचा हक्क घेणाऱ्याला आहे आणि ती मागायला कुणीही संकोचू नये.

किनारा आणि पूर सोडून घाटावर, पुढे मराठवाडा-विदर्भात यावं तर चित्र उलटं होतं. नागपूर, चंद्रपूरची दहा वर्षांची गाडी खालून पाहिली तर पत्रा कोरा निघतो, आणि गंजानं पोळलेल्या कोकणी माणसाला ती सोन्यासारखी वाटते. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तिथे झीज दुसरीकडे होते. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तापमान साठच्या पुढे जातं. डॅशबोर्ड तडकतो, छताचा आणि बॉनेटचा रंग पांढुरका पडून सोलतो, दारांचे रबर कडक होतात आणि इंजिनाभोवतीचे होज ठिसूळ होतात. बॅटरीला थंडी मारते असं समजलं जातं. प्रत्यक्षात तिचं आयुष्य उष्णता खाते, थंडीत फक्त ते उघड होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो आणि बॅटरी लवकर म्हातारी होते.

इकडे रेडिएटरकडे खास लक्ष द्यावं लागतं. कूलंट कमी झाला की बोअरचं पाणी ओतायची सवय सर्रास दिसते. त्या पाण्यातले क्षार आत साठतात, बारीक नळ्या बुजतात, आणि एखाद्या दुपारी चढावर इंजिन तापून हेडगॅस्केट जातं. गाडी थंड असताना झाकण उघडून पाहावं: कूलंट हिरवा, लाल, निळा जो असेल तो स्वच्छ हवा. गढूळ, तांबूस पाणी आणि कडेला पांढरी खर दिसली तर खुलासा मागावा. विदर्भाची गाडी सकाळी आठला पाहू नये. भर दुपारी एसी लावून अर्धा तास चालवावी, वाहतुकीत उभी करावी आणि तापमानाचा काटा कुठे जातो ते बघावं.

टायरची गोष्ट तर जिवावरची. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत खुला झाला आणि जून २०२५ ला पूर्ण झाला. काँक्रीटचा सरळ रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा, वरून ऊन. जुना टायर, त्यात हवा कमी. असा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो-फुलतो, आतून तापत जातो आणि फुटतो. जाहिरातीतल्या ‘टायर नवीन’चा अर्थ बहुतेकदा नक्षी खोल आहे एवढाच. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षीनं भरलेले आणि वयानं संपलेले असू शकतात, बाजूवर बारीक भेगा पडलेले. ट्रकच्या बाबतीत मागचे टायर रिमोल्ड आहेत का, आणि किती वेळा चढवलेले आहेत, हेही विचारावं.

थंडीचा प्रश्न महाराष्ट्राला फारसा भेडसावत नाही, पण लडाख, हिमाचलकडे माल नेणाऱ्यांना तो माहीत आहे. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर बंद पडतो. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, तेव्हा तिथला हिवाळा थोडा सोपा झाला. त्या भागातून आलेल्या वाहनाचे क्लच, ब्रेक आणि टर्बो यांनी काय सोसलंय ते आधी बघावं, पत्रा नंतर.

दिल्लीच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं आहे. तिथली हवाच गाडीचं आयुष्य कायद्यानं ठरवते. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो, धूर वर जात नाही, आणि प्रदूषण जीवघेण्या पातळीला पोचतं. म्हणून राष्ट्रीय हरित लवादानं २०१४-१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राजधानी क्षेत्रात मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारायचं ठरलं, काही दिवसांतच ते स्थगित झालं, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयानं केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये असं सांगितलं. हे आदेश बदलत आले आहेत, त्यामुळे व्यवहाराच्या दिवशीची स्थिती तपासणं भाग आहे. एवढं मात्र खरं की नऊ वर्षांची, कोरड्या हवेतली, चांगल्या पत्र्याची डिझेल गाडी तिथून स्वस्तात निघते आणि महाराष्ट्रात तिला पुढे आयुष्य असतं.

ती स्वस्ताई कागदांनी खाऊ नये म्हणून हिशेब आधीच करावा. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. कर्ज असेल तर बँकेच्या ना-हरकतीसह फॉर्म ३५ लागतो, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार इथला कर नव्यानं भरावा लागतो. घेणाऱ्यानं नाव तीस दिवसांत लावून घ्यायचं असतं. विकणाऱ्यासाठी तर हे आणखी महत्त्वाचं: अपघाताच्या दिवशी आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. किल्ली दिली म्हणजे गाडी गेली, असं समजून घरी बसलेल्या माणसाला कोर्टाची नोटीस येते ती यामुळेच.

गाडीची हवा बदलली की तिचं राहणीमानही बदलावं लागतं. पुण्याची गाडी कोकणात न्यायची तर पहिल्या पावसाआधी खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्यावं, पण आधी खालचा भाग धुऊन, पूर्ण वाळवून, असलेला गंज खरवडून. गंजावरच काळा थर चढवला तर ओल आत कोंडली जाते आणि पत्रा आधीपेक्षा लवकर जातो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नुसत्या गोड्या पाण्याचा फवारा खालून मारला तरी बरंच मीठ आणि चिखल निघून जातो. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नये. उलट कोकणातली गाडी नागपूरला न्यायची तर कूलंट, पंख्याचा पट्टा, होज आणि एसी यांचा खर्च पहिल्या उन्हाळ्याआधी करून टाकावा.

आता जुन्या इलेक्ट्रिक गाड्याही बाजारात येऊ लागल्या आहेत, आणि त्यांच्या बाबतीत हवेचा प्रश्न पत्र्यावर थांबत नाही, थेट बॅटरीला जाऊन भिडतो. २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये निसान लीफच्या मालकांनी तक्रार केली की गाडी पूर्वीइतकं अंतर जात नाही. लीफच्या बॅटरीला पाण्यानं थंड ठेवायची सोय नव्हती आणि तिथल्या उन्हाळ्यात तिची क्षमता भराभर घटली. प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीनं बॅटरीच्या क्षमतेसाठी पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांची वेगळी हमी दिली आणि पुढे उष्णता जास्त सोसणारी बॅटरी आणली. अकोला, जळगाव, चंद्रपूरची इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यानं म्हणून दोन गोष्टी आधी मागाव्यात. एक, सर्व्हिस सेंटरवरून काढलेला बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल. दुसरी, बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाला लागू होते की नाही, याचं लेखी उत्तर. मग गाडी रोज सावलीत उभी राहायची की उघड्यावर, भर उन्हात फास्ट चार्जिंग किती व्हायचं, हे मालकाला विचारून अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहावं.